तिसऱ्या रुळावरची जागा

ब्रिन्गोर,
१४ एप्रिल

प्रिय एमलिन,

तुझं पत्र मिळालं. गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. घरी शीलाला माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक आहे. मेंढ्यांना पिल्लं झालीत, पाऊस आहेच, आणि स्टेशनातल्या चहाच्या खोलीचं छप्पर दरवर्षीप्रमाणे गळतंय.

नवी शेड कशी झाली म्हणून विचारलंस. छान झाली. इतकी वर्षं जुनी रेल्वे जपणारी आपण हौशी मंडळी सुटे भाग मालडब्यात, गोठ्यात, लोकांच्या पलंगांखाली ठेवत आलो. आता कारखाना आणि भांडार एकाच छपराखाली आहेत. आराखड्याचं काम समितीनं माझ्या गळ्यात मारलं. हेफिन म्हणाला, "नेस्टा, अध्यक्ष मी असलो तरी कुठला नट कुठं आहे ते तुलाच माहीत. तूच ठरव बाई."

मी कागदाच्या नादी लागलेच नाही. मैदानात खऱ्या मापाच्या दोऱ्या ताणल्या, लेथ यंत्राच्या जागी जुनी चादर अंथरली आणि मंगळवारी कामाला येणाऱ्या टोळीला हातगाडी घेऊन त्यातून फिरवलं.

"मी आत्ता भिंतीतून आरपार गेलो," आल्विन म्हणाला.

"मग दार तिथंच करू," मी म्हटलं. तिथंच केलं. बायकांची सोय आधी कुणाच्या डोक्यातच नव्हती, तीही मी दोरीनं आखून घेतली.

शरदातली बैठक तुला आठवत असेल. किटली खिडकीशी ठेवायची की नळाशी, यावर अर्धा दिवस गेला. हेफिन आणि आल्विन तर एकमेकांशी बोलेनासे झाले. मग शेडमधल्या रुळांवर कुठलं इंजिन, कुठला डबा कुठं उभा राहणार हा विषय आला आणि भुकेल्या माणसांनी तो चुटकीसरशी संपवला. तू मात्र मुद्दाम चेस्टरहून आला होतास. उभा राहून आपल्या इंजिनाबद्दल म्हणालास, "माझी अगाथा सगळ्यात आत, भिंतीला लागून. दारातून पाऊस येतो. तिच्यावर थेंब पडलेला मला चालणार नाही."

मी म्हटलं, "एमलिन म्हणतो तसंच होऊ दे." तू चमकून माझ्याकडे पाहिलंस. मी गोड हसले.

शेडला रुळांचं दार एकाच बाजूला आहे. जे आधी आत गेलं ते शेवटी बाहेर येणार, हे तुला मी शिकवायला नको. तुला वाटलं असेल, पुढं एखादा डबा उभा करतील आणि वेळ आली की ढकलतील बाजूला.

आता तू लिहितोस की जूनमध्ये अगाथाची शंभरी आहे, इंग्लंडातल्या त्या मोठ्या रेल्वेनं तिला बोलावलंय, बँड आहे, लॉरी ठरवतोय, तोवर तिला मागच्या कोळशाच्या टेंडरसकट दाराशी आणून ठेवा. एमलिन, लॉरी ठरवू नकोस. ठरवली असलीस तर रद्द कर.

तिसऱ्या रुळावर अगाथाच्या पुढं एका डब्याचा लोखंडी सांगाडा ठेवलाय. त्याला चाकं नाहीत. लाकडी ओंडक्यांवर, शेडच्या खांबांना अगदी लागून बसवलाय. तो कुणाचा हे तू ओळखलं असशील. शंटिंग यार्डामागच्या काटेरी झुडपांतून टोळीनं तो ओढून काढला, मी गंज खरवडला.

माझ्या गेथिननं तो तिसऱ्या वर्गाचा डबा उभा करायला उमेदीची वर्षं घालवली. खिडक्यांच्या चौकटी आमच्या स्वयंपाकघरात घडल्या. मी लाकडाच्या भुशात जेवण वाढत होते. जुन्या शेडमध्ये तुझं इंजिन आलं आणि तू भावाला म्हणालास, "दोन आठवडे डबा बाहेर काढू, अगाथाचं बॉयलर झालं की परत आत." त्यानं मान हलवली. तुला तो कधी नाही म्हणालाय? दोन हिवाळे डबा पावसात राहिला. वाऱ्यात ताडपत्री उडाली की हा माणूस खोकत तिच्यामागं धावायचा.

मग तो इस्पितळात पडला. आणि नोव्हेंबरात आतषबाजीच्या रात्री पेटवतात त्या होळीला तू त्याच्या डब्याचं लाकूड फोडून जाळलंस. लोकांनी त्या आगीवर सॉसेज भाजून खाल्ले. मी त्याच्या उशाशी होते, मला दुसऱ्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर तो काठी टेकत बघायला गेला. सांगाडा काट्यांत पडलेला होता. त्याची चारही चाकं तुझ्या कोळशाच्या टेंडरखाली होती. गेथिन वाकून ती बघू लागला आणि म्हणाला, "तेल बाकी व्यवस्थित घातलंय एमलिननं." त्यानंतर तो रेल्वेकडं फिरकला नाही. वसंतात गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून फुप्फुसं लिहिलीत. दफनाच्या दिवशी तू हातात सँडविच घेऊन मला म्हणालास, "डबा तसाही कुजलाच होता गं."

तेव्हापासून मी वाट बघतेय, एमलिन. भांडार सांभाळलं, किटल्या घासल्या, तुझ्या इंजिनाला खिळे मोजून दिले, आणि वाट बघितली. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

सांगाडा उचलून बाजूला करा म्हणशील. त्याला डझनभर माणसं लागतात. मी आल्विनला विचारलं. तो म्हणाला, "माझी पाठ दुखते." मग एकेकाची पाठ दुखायला लागली. त्या होळीला सॉसेज खाल्लेले सगळेच अजून इथं आहेत. बाहेरची माणसं आणशील, पण कारखान्यात आपल्या सभासदांखेरीज कुणी काही उचलायचं नाही, हा नियम तूच करून घेतला होतास.

सांगाड्याखाली दुसरी चाकं घाला म्हणशील. त्या मापाची कुठंच मिळत नाहीत. मिळत असती तर तू सख्ख्या भावाची काढली नसतीस.

तेव्हा एकच वाट आहे. टेंडरखालची चाकं सोड. ती गेथिनच्या सांगाड्याखाली जातील, सांगाडा बाहेर येईल, मागोमाग तुझं इंजिनही येईल. कोळसा कशात न्यायचा ते तू बघ.

अगाथाची काळजी करू नकोस. तिच्यावर थेंब पडत नाही. पितळ मी स्वतः पुसते. हे मी सूडापोटी करतेय असं तू शीलाला सांगशील. सांग. खरंच आहे ते.

मात्र शंभरीला लोक बोलावलेच असतील तर त्यांना इथं घेऊन ये. दारात उभं राहिलं की आधी बिनचाकांचा सांगाडा दिसतो आणि त्यापलीकडं, इंजिनामागं, तुझ्या टेंडरखाली चार चाकं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, याची चाकं कुठं गेली? मी बोट दाखवते आणि सगळं सांगते, तुझ्या नावासकट. तुझ्या पाहुण्यांनाही सांगेन.

तुझ्या भावाची बायको,
नेस्टा