क्रूसासमोर, जोसेफच्या दुकानाजवळ

उमेळे,
रविवार, मिस्सा आणि जेवण दोन्ही आटोपल्यावर

प्रिय रिचर्डदादा,

धाकट्या जोसेफचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला दुकान बंद कर म्हणतोस आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून हे पत्र, विरारला निघालेल्या केल्विनच्या हाती.) तर दादा, शेवटी तुझंच ऐकलं. नाताळ झाला की पप्पांचं दुकान बंद करतोय.

कारण तुला ठाऊक आहेच. कोरोनात माझं शटर खाली गेलं आणि गाव फोनवर खरेदी करायला शिकलं. आधी सॅनिटायझर, मग तांदूळ, मग (हे मला फार लागलं, आपलं दुकानच कापडाचं) परकर. ज्या बायका एका बटणासाठी मला सात डबे उघडायला लावायच्या, त्या आता हात न लावता साड्या मागवतात. मी एकदा भडकलो आणि क्रूसापाशी रोझरी संपल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ऑनलाइनची काडीसुद्धा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आता गावाचं सगळं ऑनलाइन माझ्याच उंबऱ्याच्या आत येतं. आपल्या घरांना नंबर आहेत, पण ते घरपट्टीच्या पावतीवर. पत्ता म्हणून अख्खं गाव एकच सांगतं: क्रूसासमोर, जोसेफच्या दुकानाजवळ. डिलिव्हरीवाला येतो, क्रूस बघतो, मला बघतो आणि सगळी खोकी काउंटरवर ठेवून जातो. दुकानात सकाळपासून गर्दी असते, पण येणारा प्रत्येक जण माझं आलं का एवढंच विचारतो, आणि नसेल आलं तर माझ्यावरच डाफरतो.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. ज्युलिएटमावशीच्या सँड्राचं रविवारी लग्न, आणि तिचा गाऊन आला शनिवारी. खोक्यावर नुसतं सँड्रा, म्हणून तो मी आपल्या निवृत्त सँड्रा टीचरना नेऊन दिला. (चूक माझीच, पण त्या दर आठवड्याला काही ना काही मागवतात.) टीचरनी तो घालून पाहिला. त्यांचं म्हणणं, मागवला नव्हता हे खरं, पण आलाच आहे तर बघावा. रात्री गाऊन परत मिळाला. पाठीचे पाच हुक मात्र गेले ते गेलेच, आणि हे कळलं रविवारी दुपारी दोनला.

ज्युलिएटमावशी अनवाणी माझ्या दारात. "जोसेफ, पाच हुक काढ. फोनवाला मंगलवारी आनील, लगीन चारला हाय."

मी शटर उघडलं, पप्पांचा हुकांचा डबा काढला, पांढरं रीळ काढलं. तुझ्या भावजयीने, रोझलीनने, खोक्यांच्या ढिगात नवरीला उभं करून अंगावरच हुक शिवले. (वाकायला जागा नव्हती, तीनदा खोकी कोसळली.) चारला पोरगी आल्तारासमोर उभी होती. जाताना मावशी एवढंच म्हणाली, "तू दुकान बंद केल्यावर आमी कोनाकडं धावायचं रे?" मला रडू आलं, दादा. डांबराच्या गोळ्यांनी डोळे चुरचुरतात असं रोझलीनला सांगितलं.

पण निर्णय म्हणजे निर्णय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जोसेफ

ता. क. पप्पांचा लाकडी काउंटर न्यायला तू टेम्पो पाठवणार होतास, तो रिकामा पाठवू नकोस.

ता. क. २: येताना त्यात एक लोखंडी मांडणी पाठव. सहा फुटी, पाच खणांची. चार खण गावाच्या खोक्यांना, वरचा हुकांना आणि बटणांना. तशी बाजारात मिळत नाही, फोनवरच मागवावी लागेल. (रोझलीनच्या फोनवर मी पाहून ठेवली आहे, करड्या रंगाची.) काउंटर राहू दे इथेच.

ता. क. ३: मागवताना पत्ता तुझा विरारचाच दे. मी क्रूसापाशी शब्द दिलाय. कोणी विचारलं तर सातिवलीच्या कारखान्यात बनवून घेतली म्हणून सांग, आणि खोकं तिकडेच फाडून टाक.