ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट

३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून ही वही. विषय एकच, बाबांच्या गाडीची कार्पेटं. पुढच्या रविवारी आईच्या गुडघ्यांच्या फिजिओ मॅडम गाडी न्यायला येणार. आईनेच ठरवलं. म्हणाली, चार महिने झाले, गाडी दारात दिसली की वाटतं हे आत्ता आत येतील. मला नाही सोसत, हलव ती. मी म्हटलं, हलवतो, पण अशी घाणेरडी देणार नाही. घराण्याची काही इज्जत आहे.

बायकोचं म्हणणं, बाहेर धुवायला टाका. साफ नकार दिला. लोकांना जिथे मशीन लागतं तिथे मला अक्कल पुरते. साहित्य: बादली, कपड्यांचा ब्रश, शाम्पू, व्हिनेगर, खायचा सोडा, जुने टॉवेल. एकूण कार्पेटं चार. प्रत्येकी पंधरा मिनिटं. नऊपर्यंत आटोपून निवांत पेपर.

दुपारी १.४०

नऊचं गणित थोडं चुकलं. झटकण्यातच नाकी नऊ आले. मागची दोन ठीक निघाली. ड्रायव्हरशेजारचं पहिल्याच हातात लख्ख. तिथे त्या दिवशी कोणी बसलंच नव्हतं.

ड्रायव्हरच्या बाजूचं मात्र हट्टी. टाचेच्या जागी अर्धचंद्रासारखा काळा डाग. बाबा बुटाच्या टाचेला लोखंडी नाल ठोकून घ्यायचे, टाच झिजू नये म्हणून. टाच नाही झिजली, कार्पेट झिजलं.

ता.क. ओल्या कामात माझे चांगले बूट कशाला, म्हणून बाबांचे घातले. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिले होते, तसेच पडून होते. अगदी मापाचे. यात भावनेचा काही प्रश्न नाही.

४ नोव्हेंबर, रविवार. रात्री जेवणाआधी

डाग गेला! शाम्पू, गरम पाणी आणि चिकाटी. दिवसभर उन्हात वाळवलं, संध्याकाळी गाडीत ठेवलं. नीट बसलं का बघायला दोन मिनिटं ड्रायव्हर सीटवर बसलो. आरसा बाबांच्या उंचीला लावलेला, त्यात मला नुसतं छत दिसतं. सरळ केला नाही. गाडी द्यायचीच आहे, उगाच मेहनत कशाला.

५ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

ये रे माझ्या मागल्या. डाग परत. त्याच जागी, त्याच आकाराचा.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी वरच्या मजल्यावरच्या केमिस्ट्रीच्या सरांना विचारून आलो. ते म्हणाले, पाणी फार वापरलं की खालचा मळ वाळताना वर येतो. पाणी कमी, दाब जास्त. शास्त्र आहे म्हटल्यावर बरं वाटलं.

संध्याकाळी ८

कार्पेटवर टॉवेल घालून अंगणात वीस मिनिटं उभा राहिलो. सर गॅलरीतून वेळ लावत होते. डाग साफ. मग गाडीत ठेवून, बसून खात्री केली.

मध्येच ताईचा फोन. म्हणाली, त्या मंगळवारी बाबांनी तुला फोन केला होता ना? मी म्हटलं, केला होता, मी मीटिंगमध्ये होतो. छातीत जड वाटतंय, डॉक्टरकडे नेतोस का, म्हणाले. मी म्हटलं, उद्या नेतो. तर स्वतःच गाडी घेऊन गेले. हॉस्पिटलसमोर गाडी नीट लावली, काचा वर केल्या, लॉक केली, आत जाऊन बाकावर बसले ते बसलेच. यावर ताईने फोन ठेवून दिला. ताई फोन ठेवते तेव्हाच जास्त बोलते.

६ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिनेगर. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी. बायको म्हणाली, घराचं सॅलड झालंय. दुर्लक्ष केलं. डाग गेला.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक. कार्पेट ओलं झालं की बामाचा वास येतो. बाबांचा बाम. व्हिनेगरच्याही वर चढून येतो. वास कमी होतोय का बघायला अर्धा तास गाडीत बसलो. कमी होत नाही.

नोंद: मीटिंग तशी संपत आली होती. पण संपली नव्हती.

७ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.४०

डाग. अंगावर काटा आला. थंडीमुळे.

पाणी कमी वापरलं. दाब दिला. मळ वर आला म्हणावं तर नालेच्या खिळ्यांचे तीन ठिपकेसुद्धा जागच्या जागी येतात? सरांना विचारलं. सर म्हणाले, हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे.

८ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ८.३०

आज पक्का बंदोबस्त. अख्ख्या कार्पेटवर चाळणीने एकसारखा सोडा पसरला. सोडा वास ओढून घेतो. शिवाय कोणी आलंच, तर उमटेल. कोणी येणार नाही, हे सिद्ध करण्यासाठीच.

त्यानंतर जरा वेळ सीटवर बसलो. अर्थातच पाय वर उचलून. निदान सुरुवातीला. मग गाडी लॉक. किल्ली आता उशाखाली ठेवतो.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.३०

उमटलंय.

पांढऱ्या सोड्यात टाचेचा ठसा. नाल स्पष्ट. बाहेरच्या कडेला खोल, आत उथळ, बाबा टाच टाकायचे तशीच तिरकी. गाडी लॉक होती. किल्ली उशाखाली होती.

बायकोला नेऊन दाखवलं. तिने ठसा पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, ते बूट दारातच काढत जा, कालपासून घरभर सोडा झालाय. मोठा विषय निघाला की बारीकसारीक काढायची हिची सवय जुनी.

सकाळी ११

ऑफिसला रजा टाकली. आईला सहज विचारलं, गाडीतून तुला कधी आवाज येतो का? म्हणाली, रोजच येतो. सातच्या सुमारास दार उघडल्याचा आणि पाऊण तासाने लागल्याचा. मी रोज नेमका त्याच वेळी आत बसून कार्पेट तपासत असतो, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही.

ते माझ्यासाठीच येतायत. मंगळवारचा हिशोब राहिलाय.

नोंद: मीटिंग रद्द झाली होती. पण अगदी आयत्या वेळी.

१० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

शेवटचा प्रयत्न. टूथब्रश. पाच तास. एकेक धागा घासला. घासता घासता मोठ्याने म्हणालो, बाबा, सोडा आता. डोळ्यांत पाणी आलं. व्हिनेगर उडालं असावं. नाही, रडूच आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, तेही कार्पेटवर. पुन्हा पुसावं लागलं.

कार्पेट स्वच्छ आहे. इतकं की मधोमध विरळ झालंय.

संकल्प: आज गाडीत बसायचं नाही.

रात्री ८

थोडाच वेळ बसलो.

११ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.३०

मॅडम आल्या. गाडी बघितली, आवडली. कार्पेटवर अर्धचंद्र होताच. मी मनाची तयारी करून सगळं सांगितलं. डाग बाबांचा आहे, जात नाही, तुम्हाला भीती वाटत असेल तर आत्ताच नाही म्हणा. मॅडम उकिडव्या बसल्या, डागावर बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, जरा फाटकापर्यंत चालून या बघू. गेलो, आलो. म्हणाल्या, ही टाच तुमचीच. तुम्ही बाहेरच्या कडेवर भार देता. आणि बुटाला नाल आहे.

मी खाली पाहिलं. होती.

बायको आत गेली. बहुतेक हसायला. आई दारात उभी होती, म्हणाली, यांचीही चाल हीच. हा लहानपणी यांच्या मागे मागे पावलावर पाऊल टाकत चालायचा. मॅडम म्हणाल्या, पेशंटच्या घरी जाता-येता चिखल होतो, मी रबरी मॅट आणल्यात, कार्पेटं मला नकोच होती. आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली, तीही शाम्पूच्या.

आईने गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला. मॅडमनी बसल्या बसल्या आधी आरसा सरळ केला. गाडी गेली.

संध्याकाळी ७.१५

या वेळी बसायला जागा नाही. स्वयंपाकघरात गेलो. आई मटार सोलत होती. सांगून टाकलं. मीटिंग नव्हती. कधीच नव्हती. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कॅरम खेळत होतो. राणी घेतली होती, कव्हर बाकी होतं, म्हणून उद्या म्हणालो.

आई म्हणाली, माहीत आहे. मी विचारलं, कसं काय. ती म्हणाली, फोन ठेवून हे म्हणाले, मागे कॅरमचा आवाज येतोय, खेळू दे त्याला, मी येतो जाऊन. आणि बूट घालायला बसले.

मग आईने अर्धे मटार माझ्यापुढे सरकवले. सोलले.

१२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.५०, ऑफिस

तीन कार्पेटं बायकोने भंगारात दिली. चौथं माझ्या टेबलाखाली आहे.

संकल्प: आजपासून टाच सरळ टाकायची. सकाळी टाकून पाहिली. फाटकापर्यंत जमलं. पुढे बस सुटत होती, पळावं लागलं.