सरासरी माणसाचं वेळापत्रक

३ मार्च
दोन विमान कंपन्यांची आजपासून एक कंपनी. काल निळा टाय, आज हिरवा. या निमित्ताने वही सुरू करतो आहे. संकल्प : पहाटे उठून फिरणे. चहात साखर बंद. युनियनच्या भानगडीत तटस्थ राहणे.
तिसरा मला जड नाही. तोल सांभाळणं हेच माझं काम. सतरा वर्षं लोडशीट करतो. विमानात माणसं किती, बॅगा किती, कुठल्या भागात किती वजन, हे मी जुळवून दिल्याशिवाय पायलट जागचा हलत नाही. हे घरी कोणाला पटत नाही, पण असो.
फिरणं उद्यापासून. नव्या टायची गाठ बसेना म्हणून आज उशीर झाला.

५ मार्च
कँटीनमध्ये सरळ दोन तट पडलेत. आमच्या जुन्या कंपनीचे खिडकीपाशी, त्यांच्या कंपनीचे हात धुवायच्या बेसिनपाशी. मी मधल्या टेबलावर. डाळ गार असते तिथे, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.
बावीस एप्रिलला मतदान. युनियन हवी की नको. मेव्हणा फॉर्म घेऊन आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, बॅगांच्या पट्ट्यावर काम करतो, युनियनसाठी सध्या भिंगरीसारखा फिरतोय. सही करा म्हणाला. मी म्हटलं, घाई नको, दोन्ही बाजू पाहू. तो म्हणाला, भाऊजी, दुसरी बाजू आहेच कुठे? पोरकटपणा.
त्याची अडचण मी जाणतो. सासूबाईंची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली. तो पहाटेच्या पाळीला, त्याची बायको चेक-इन काउंटरवर दुपारच्या पाळीला. दारात एकमेकांना भेटतात, एक आत, एक बाहेर. पाळ्या जमल्या नाहीत की कोणाशी तरी अदलाबदल करायची, तक्त्यावर दोघांच्या सह्या, झालं. आत्तापर्यंत सासूबाई एक तासही एकट्या राहिलेल्या नाहीत. कौतुकच आहे. पण अशा अदलाबदलीने तक्त्याची पार गोधडी होते, हेही कोणीतरी बोललं पाहिजे.

९ मार्च, दुपारी ४
महत्त्वाचा दिवस. नव्या साहेबांनी बोलावलं. मला नावाने हाक मारली. (छातीवर बिल्ला असतो, पण तो वाचायलाही आस्था लागते.) कॉफी दिली, साखर घालूनच होती, नाइलाज झाला. त्यांचं म्हणणं, दोन कंपन्यांच्या पाळ्यांचं एकच वेळापत्रक हवंय आणि ते कर्मचाऱ्यांमधूनच यावं. मतदानाच्या आत आलं तर बरं. तूर्त कोणाला बोलू नका म्हणाले.
सतरा वर्षांत प्रथमच कोणीतरी माझं डोकं ओळखलं.

१४ मार्च
वेळापत्रक आकार घेतंय. तत्त्व लोडशीटचंच. आपण प्रवाशाला काट्यावर उभं करतो का? नाही. सरासरी वजन धरतो. कोणी पैलवान असतो, कोणी काडी. एकूण विमान उडतं.
तसंच इथे. कर्मचाऱ्याच्या घराचं सरासरी अंतर : पंचवीस मिनिटं. (माझं क्वार्टर गेटपासून आठ मिनिटांवर. बाकीच्यांचं अंदाजाने धरलं.) घरी सरासरी माणसं : चार. म्हणजे घरी कोणी ना कोणी असतंच.
विमानांची गर्दी सकाळी आणि संध्याकाळी. म्हणून पाळीचे दोन तुकडे. पहाटे पाच ते नऊ, दुपारी तीन ते सात. मधले सहा तास माणूस मोकळा. घरी जावं, जेवावं, डुलकी काढावी. इतका माणुसकीचा विचार आजवर कोणी केला नसेल.

१६ मार्च
कलम सात घातलं : अदलाबदल बंद. एकाने जागा बदलली की सगळा तोल बिघडतो, हे मला नाही तर कोणाला कळणार?
मेव्हण्याला एकदा विचारावं असं मनात आलं होतं. पण एकाला विचारलं की तीनशे जणांना विचारावं लागतं. तटस्थपणा म्हणून टाळलं.

२१ मार्च
योजना दिली. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी माणसं असतील तर युनियन हवी कशाला? घरी येईपर्यंत हे वाक्य मनात घोळवत होतो.
एक नोंद. लोड कंट्रोलला मधल्या वेळेतही एक माणूस लागतो, नऊ ते पाच. हिशेबाने तो मीच निघालो. तीनदा तपासलं. गणितापुढे काय करणार?

१ एप्रिल
योजना बोर्डावर लागली. खाली लिहिलंय : ‘कर्मचाऱ्यांनीच तयार केलेली योजना.’ माझं नाव कुठेच नाही. तासभर फार वाईट वाटलं. त्यानंतर बोर्डासमोर जमलेल्यांचं बोलणं ऐकलं आणि उरलेला दिवस बरं वाटलं.

२ एप्रिल
दोन्ही तट एकाच टेबलावर. हे अखेर माझ्या योजनेनेच घडवलं, पण सांगायची सोय नाही. कोण तो गाढव, अशी सार्वत्रिक चौकशी. मीही म्हणालो, कोण गाढव असेल. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण सगळ्यांनी माना डोलावल्या.
मेव्हणा म्हणाला की हे करणारा माणूस स्टाफच्या बसमध्ये जन्मात बसलेला नाही. मी डाळ संपवली.

६ एप्रिल
मेव्हण्याचं घर बसने एक तास वीस मिनिटांवर आहे. दुपारी बस नाहीच. ती फक्त पाळीला सुटते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सरासरीत ते दिसत नव्हतं.
योजना लागू झाल्यापासून दोघंही नवरा-बायको पहाटे साडेतीनला घर सोडतात आणि रात्री साडेआठला पोचतात. मधले सहा तास सामानाच्या गोदामात बाकावर बसतात. सासूबाईंकडे शेजारच्या काकू दिवसातून दोनदा डोकावतात, सकाळी दहाला आणि संध्याकाळी. मेव्हण्याने अदलाबदलीचा अर्ज दिला. कलम सात दाखवून परत केला.
बायको म्हणाली, साहेब तुम्हाला नावाने ओळखतात ना, मग एक शब्द टाका. मी म्हटलं, उद्या टाकतो.

७ एप्रिल
साहेब फोनवर होते.

८ एप्रिल
साहेब कॉरिडॉरमध्ये समोरून आले. मी पाणी प्यायला वळलो. तहान लागली होती.

९ एप्रिल
पोट बरं नव्हतं. बायकोने विचारलं, बोललात का? मी म्हटलं, विषय काढलाय. एका अर्थी विषय मीच काढलेला आहे.

१२ एप्रिल
सासूबाई पडल्या. सकाळी साडेसातला पाण्याचा तांब्या घ्यायला उठल्या आणि पलंगाच्या कडेला कोसळल्या. काकू दहाला आल्या तेव्हा कळलं. अडीच तास फरशीवर. उजवं मनगट मोडलं. चालतं तेवढं तेच अंग होतं.
हॉस्पिटलच्या खिडकीवर मेव्हण्याने कंपनीचं कार्ड दिलं तर ते चाललं नाही. विलीनीकरणानंतर आईवडिलांची सोय ‘विचाराधीन’ आहे म्हणे. तो तिथेच कार्ड हातात घेऊन उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो आणि ठेवला नाही.
सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “पोरांना काही बोलू नका, माझीच चूक. हाक मारायची सोडून उठायला गेले.”
हाक कोणाला मारणार होत्या? घरी सरासरी चार माणसं असतात, हे मी लिहिलं होतं. माझ्या अक्षरात.
लाज वाटते. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

१७ एप्रिल
उद्या युनियनची सभा. उभा राहून सगळं कबूल करणार. भाषण लिहिलं, तीन पानं. पहिलं पान माझ्या सतरा वर्षांच्या सेवेबद्दल आहे, ते थोडं कमी करावं लागेल. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. लोक नक्की माफ करतील. कदाचित उचलूनही घेतील.

१८ एप्रिल
सभेत मेव्हण्याने योजना मोठ्याने वाचली. कलम सात त्याने दोनदा वाचलं. समोर त्याची बायको गुडघ्यावर पर्स घेऊन बसली होती, बसल्या बसल्या पेंगत.
मी उभा राहिलो. खुर्ची मोठ्याने सरकली, सगळे वळले. मी म्हणालो, “पंखा जरा कमी करता का?”
कमी केला. बसलो. घामाने भाषणाची तिन्ही पानं चिकटली होती.

२२ एप्रिल
मत दिलं, युनियन हवी म्हणून. चिठ्ठी टाकताना हात जरा वेळ डब्यावरच राहिला. मागचा माणूस पुढे व्हा म्हणाला.
२३१ विरुद्ध ६४. युनियन जिंकली. योजना रद्द करायला लावणं ही पहिली मागणी. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, माझ्याही पडले. हे बरोबर नाही, असं प्रत्येक वेळी वाटलं. पण कोणाला ढकलता येतं थोडंच.
नवं वेळापत्रक करायला समिती नेमली. मेव्हण्याने माझं नाव सुचवलं. भाऊजींना हिशेब कळतो आणि आमच्या घरावर काय गेलं ते त्यांनी पाहिलंय, असं सांगितलं. टाळ्या.
समितीचं पहिलं काम : जुनी योजना कोणी केली ते शोधणं. ते मला दिलं.

२५ एप्रिल
शोध चालू आहे, असं कळवलं.

२९ एप्रिल, संध्याकाळी ६
योजना मागे घेताना कंपनीने सगळे कागद युनियनला दिले. त्यात योजनेचा मूळ कागद होता. हाताने लिहिलेला.
मेव्हणा गेटपाशी माझी वाट पाहत उभा होता. बॅगांच्या पट्ट्यावर माझ्या लोडशीटी रोज येतात, अक्षर त्याला पाठ आहे. तो कागद त्याने चार घड्या घालून माझ्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, “सही करा म्हणून मी तुमच्या मागे लागलो होतो. तुम्ही मला एकदा नुसतं विचारायचं होतं.”
मग म्हणाला की हे तो कोणाला सांगणार नाही, आईला तर नाहीच. पण ताईला मी स्वतः सांगावं. आजच.
आजच सांगणार.

७.१०
ती कणीक मळते आहे. हात भरलेले असताना असं काही सांगू नये. जेवताना सांगेन.

८.१५
जेवताना सांगायला सुरुवात केली. म्हटलं, त्या योजनेबद्दल तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, माहीत आहे मला. माझ्या हातातला घास तसाच राहिला.
तिने माझ्या ताटात भाजी वाढली. म्हणाली, “साहेबांनी तुमचं ऐकलं नाही, हेच ना? आईला मी सांगितलंय, यांनी चार दिवस साहेबांच्या दारात खेटे घातले. कोणी ऐकलं नाही त्याला हे काय करणार? आई म्हणाली, जावई चांगला मिळाला.”
मी भाजी छान झाल्याचं सांगितलं.