बाबांचा न कापलेला तुकडा

प्रिय चिसातो,

निशिनोको तळं जागेवर आहे. देवळाला दत्तक गेलेला तुझा थोरला भाऊही जागेवर आहे. पोटाचा घेर संसारासारखा वाढतोय, निर्वाणाची चिन्हं नाहीत.

यंदा काठाचा सगळा बोरू कापून झाला, पेंढ्या छपरं शाकारणाऱ्यांकडे गेल्या. मधोमध बाबांच्या वाट्याचा तुकडा मात्र तसाच उभा आहे, वाळलेला, माणसाच्या दुप्पट उंच. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, सुतकातल्या घराच्या बोरूला हात कसा लावायचा, म्हणून शेजारचे हिरोत्सुगु काका आणि मंडळी अदबीनं वळसा घालून गेली. आईला वाटलं, माणसाबरोबर लोकांनी त्याची जागाही सोडून दिली. विचारलं कुणीच नाही. आई आणि काका भेटले की वाकून थंडीबद्दल बोलायचे. आपल्याकडे सभ्यपणानं होतं तेवढं नुकसान पुरानंही होत नाही.

शेवटी मी मध्ये पडलो. काका कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, आता कापायला उशीर झाला, उभाच जाळू. नाही जाळलं तर जुन्या काड्यांच्या सावलीत नवे कोंब धरणार नाहीत, वाळुंजाची झाडं घुसतील, माशांना अंडी घालायला आडोसा उरणार नाही, आणि मे महिन्यात वटवटे पक्षी घरटं कुठं बांधू म्हणून आणखीच वटवट करतील. हे तुला मी सांगायचं म्हणजे कमालच. बाबांच्या होडीत पुढे बसायचीस तू. मी मागे, धातुरूपं घोकत, उलटी आवरत.

आई म्हणाली, काडी घरच्याच माणसानं लावायची, ती आपली रीत. मी पुढे झालो तर म्हणाली, “तू कसला घरचा? देवळाच्या दारावरच्या पाटीवर तुझं आडनाव बघ जा.” बाई न्यायशास्त्र शिकली असती तर मी प्रवचनं सोडली असती. मग तूच लाव, म्हटलं. तर म्हणे हात थरथरतो. काल त्याच हातानं पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला.

अंत्यविधीला तू आलीस, सगळ्यांच्या मागे उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. का, ते मी उकरत नाही. पार दक्षिणेच्या बेटावरची, नाहाची नोकरी तू धरलीस त्या दिवशी बाबा जे बोलले ते मीही ऐकलं होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी, वारा तळ्याकडे वाहत असेल तर, जाळायचं ठरलंय. हे पत्र मी आपल्या मनानं लिहितोय असं समज. आईनं तसंच बजावलंय. ती समोर मुळा किसत बसली आहे. एवढ्यात मान वर न करता म्हणाली, “बोरूत परत पाय ठेवू नकोस, असं ते म्हणाले होते ना? तिला लिही, तुकडा आता माझा आहे.”

तुझाच, आडनावापुरता परका,
रिओकाइ दादा