आबांचा आवाज कधीचा

८ नोव्हें., शनिवार. बीरशेबा
शब्बाथ, ज्यू लोकांचा सुट्टीचा वार. एलियाकाकांची लेक रिबेकाताई जेवायला आली नि बापलेकीचं परत जुंपलं. काका मूळचे आपल्या खालापूरकडचे, नव्वदीला आलेत. त्यांचं सगळं मीच करतो, त्याच कामाला आलोय इथं. ताई इथं कॉलेजात शिकवते, जुन्या पोथ्यांचं कुठलं पान कधीचं ते. भांडण यशया संदेष्ट्याच्या पोथीवरून. त्यात कोरेश राजाचं नाव हाय, नि तो तर यशयाच्या खूप मागनं झाला.
काका : देवानं आधी सांगितलं, त्यानं लिवलं.
ताई : पपा, नाव आलं म्हणजे राजा आला होता. ती पानं मागनं दुसऱ्या कुणीतरी लिहिलीत.
काका मला म्हणाले, "हिला शिकवली तिथंच चुकलो रं."
हसलो. डोकं माझं तिकडं गावी, कडावला. आबा दवाखान्यात, छातीत पाणी झालंय.

१२ नोव्हें.
आबा व्हिडिओवर येतच नाय. झोपलेत, म्हणतो दादा. आईला दे म्हटलं तर आई गोठ्यात. सारखी गोठ्यात कशी असंल?
येतो म्हटलं तर दादा चिडला. "आलास की परत घेतील का तुला? आबाच नको म्हणतात."
आबा असं म्हणतील? म्हणतील पण.

१८ नोव्हें., मंगळ.
दादानं आबांचा आवाज पाठवला. कालचाच हाय म्हणाला. "बाळ्या, जेवतोस ना रं? भात उभं हाय अजून. तुझी आय बडबडतीय." मग खोकला. बस.
परत परत ऐकला. लई बरं वाटलं.
सांजच्याला चुलतभावानं टाकलेला जुना फोटो दिसला. आमच्याच खळ्यावर झोडणी, मागं पेंढ्याची उडवी रचलेली. त्याला विचारलं. म्हणाला, भात दिवाळीतच कापलं की.
मग उभं कुठलं?

२० नोव्हें.
ताईला विचारलं, पान कधीचं ते कळतं कसं?
"आत काय होऊन गेलंय नि काय व्हायचंय ते बघायचं. माणूस लपवतो, मजकूर लपवत नाही."
तिला आवाज ऐकवला. भाताचं सांगितलं. ताईनं तो परत एकदा लावला. मग म्हणाली, "आजारी माणसाला दिवस कळत नाहीत, बाळू. एवढ्यावरून काही ठरत नाही." बापापुढं कधी हटत नाय ही बाई, आज हटली.
काका वादात पडलेच नाय. म्हणाले, "मला खुर्चीवरनं उतरव. भुईवर बसव." यांच्यात घरातलं कुणी गेलं की असे खाली बसतात. समोरच्या घरी पाहिलंय मी.
उतरवलं नाय. गुडघे दुखतील म्हटलं.

२३ नोव्हें., रवि.
आबांचा अजून एक आवाज आलाय. बारका.
ताई म्हणाली, "आधी मी ऐकू?"
नको म्हटलं.
बादली भरली. काकांची अंघोळ व्हायचीय, ती आधी उरकतो. मग ऐकतो.