पांढरी वायर आणि झोपती सायकल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटर वाइंडिंग (आता बंद), राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणण्याची कोणाची छातीही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वेडेवाकडे दिसेल. अर्थ मात्र सरळच लावावा. फुप्फुसे किती दिवस साथ देतील हे डॉक्टर नीट सांगत नाहीत, तेव्हा उद्यावर ढकलण्यात अर्थ नाही. याआधी मी काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडचे दुकान, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती शाळेत भूगोल शिकवते. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलायची आणि मग ओढायची. हे तिला शंभरदा सांगून झाले आहे, आता कायदेशीर सांगते.

२. वाइंडिंगचे यंत्र, साचे, तांब्याच्या तारेची उरलेली रिळे आणि वॉर्निशचे डबे माझ्या हाताखाली चौदा वर्षे काम केलेल्या बाईंना द्यावेत. वेढे मोजताना त्या अजूनही बोलतात. बोलू नये. मेणाच्या दोऱ्याचे बंडल मात्र त्यांना देऊ नये, ते माझ्याबरोबर जाऊ दे. तुटलेले किंवा कापलेले टोक उघडे ठेवायचे नाही, त्यावर नळी चढवायची, दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे आणि चपटी गाठ मारायची, असे माझ्या उस्तादांनी शिकवले. सगळे चिकटपट्टी लावतात. मी आयुष्यात कधी लावली नाही. पंपाच्या कारखान्याचे मालक एकतीस वर्षे माझे काम आपल्या जावयाच्या नावावर खपवत आले. ते मला निरोप द्यायला आले तर त्यांनी शेवटच्या रांगेत उभे राहावे.

३. समोरच्या शिंप्याला माझी एक पाय मोडकी खुर्ची द्यावी. आमची सायकल पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवशी तो दारात उभा राहून "सायकल आहे की पलंग?" असे म्हणत पोट धरून हसला होता. पुढच्या वेळी बसून हसावे.

४. आता त्या सायकलविषयी.

माझे यजमान पोस्टमन होते. सत्तावीस वर्षे त्यांनी टाकीच्या टेकडीवरच्या वस्तीत सायकलवरून टपाल वाटले. पुढे त्यांच्या पायांतली ताकद जाऊ लागली. आधी जिना जड झाला, मग उंबरा. घराण्यात चालत आलेला आजार आहे, औषध नाही, असे मोठ्या इस्पितळात सांगितले. दोन चाकांवर तोल राहीना तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, जे वेल्डर आहेत, त्यांनी पाइप वाकवून एक तीनचाकी बनवली. पुढे दोन चाके, मागे एक, मध्ये आरामखुर्चीसारखी बैठक. मागे रेलून, पाय पुढे पसरून पेडल मारायचे. आम्ही तिला झोपती सायकल म्हणत असू. सपाट रस्त्यावर ती मजेत चाले. टेकडीच्या पायथ्याशी आली की थांबे, आणि पोस्टमन तिथेच पडल्या पडल्या वर बघत राहत. मी दुकान बंद करून जायची आणि त्यांना ढकलत घरी आणायची.

मोटर बसवायचे माझ्या डोक्यात आले. भाऊजींनी भंगारातल्या, विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाडीची जळकी मोटर आणली. एवढ्याशा सायकलीला ती फारच दांडगी होती. तिची जळकी तार काढून मी ती अकरा दिवस बसून नव्याने गुंडाळली. माझ्या हातून इतके चांगले काम ना आधी झाले ना नंतर. भाऊजींनी ती मागच्या चाकाला जोडली, बॅटरी बैठकीखाली ठेवली आणि मोटरीची ताकद आवरणाऱ्या कंट्रोलरच्या डबीतली एक पांढरी वायर मला दाखवली.

"वहिनी, ही जोडलेली आहे तोवर मोटर अर्धीच ताकद देईल. ही कापू नका. तीनचाकी वळणावर सायकलसारखी झुकत नाही, सरळ उलटते. आणि दादा पडला सायकलवाला, त्याला झुकायची सवय."

मी हो म्हणाले.

अर्ध्या ताकदीवर सायकल टेकडीच्या निम्म्यापर्यंत जायची आणि धापा टाकत थांबायची. पोस्टमन तिथून परत यायचे. एकदा आल्यावर ते हसत म्हणाले, "तुझी मोटर माझ्यावर गेलीय. निम्म्यात राम म्हणते." मला हसू आले नाही.

५. हे कलम लिहायला मला नऊ वर्षे लागली.

ती पांढरी वायर मी कापली. त्यांनी मला तसे करायला सांगितले नव्हते, त्यांना त्या वायरीचा पत्ताही नव्हता. सकाळचा चहा घेऊन ते तोंड धूत होते, तेवढ्यात मी डबी उघडली, वायर कापली आणि झाकण लावले. त्यांना एवढेच म्हणाले, "आज वरपर्यंत जाऊन बघा."

ते वर गेले. वस्तीतल्या अकरा घरांची दारे त्यांनी वाजवली. हे मला नंतर त्या घरांनी सांगितले. एका घरी पाणी प्यायले, एका घरी कोणाच्या सुनेचे नाव बरोबर आठवले म्हणून स्वतःवरच खूश झाले. मग निघाले, आणि उतारावरच्या दुसऱ्या वळणावर उलटले. पूर्ण ताकदीशिवाय ते वर गेले नसते, आणि वर गेले नसते तर उतरलेही नसते. याहून वेगळा हिशेब मला मांडता आलेला नाही.

इस्पितळाबाहेर भाऊजी ती डबी घेऊन उभे होते. मुलीने झाकण उघडले. "काका, ही डबी तुम्हीच बसवली होती ना? मग ही वायर कापली कोणी?" भाऊजींनी मान खाली घातली. मुलीने काय समजायचे ते समजून घेतले. मी शेजारीच बाकावर बसले होते. मीही काही बोलले नाही. तेव्हापासून ती म्हणते, मला काका नाही. तिच्या लग्नात भाऊजींना बोलावणे गेले नाही. कार्यालयाच्या फाटकाचे वेल्डिंग त्यांनी आठ दिवस आधीच करून दिले होते.

एवढी वर्षे मी स्वतःची समजूत घालत आले की भाऊजींना वाटत असेल, दादानेच वायर कापली, आणि मेलेल्या भावाची लाज राखायला ते गप्प राहिले. म्हणजे मी बोलले नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. माणूस स्वतःपुरती बरी सबब शोधतो.

६. मागच्या आठवड्यात मी भाऊजींना बोलावून हे सगळे वाचून दाखवले. पाचव्या कलमापाशी मी थांबले, तर ते म्हणाले, "वाचा पुढे. ते मला माहीत आहे."

"कसं?"

"कापलेल्या टोकावर नळी होती, वहिनी. वर तीन वेढे आणि चपटी गाठ. असा दोरा जगात दुसरं कोण बांधतं? डबी तिला दाखवायच्या आधी मी तो काढून टाकला."

मी विचारले, मग तेव्हाच का नाही बोललात. त्यांनी हातावरच्या जुन्या चट्ट्यांवरून बोट फिरवले.

"पोरीचा बाप त्या दिवशी गेला होता. तिला आई एकच उरली होती. काका काय, नसला तरी चालतं."

मला त्या वेळी रडू आले, ते मी लपवले नाही. इथेही लपवत नाही.

७. झोपती सायकल मोटरीसह मी आधी भाऊजींच्या नावे लिहिली होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मी भाऊजींना विचारले, सायकल हवी की साक्ष. त्यांनी साक्ष मागितली. म्हणून सायकल मी मुलीला देते.

बाळा, तुला ती नको असेल हे मला ठाऊक आहे. पण गेल्या दोन भेटींत तू पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी चढलीस, आणि मला दिसू नये म्हणून मध्येच थांबून भिंतीवरचे कॅलेंडर बघितलेस. तुझे बाबाही आधी कॅलेंडरच बघायचे. इस्पितळात जाऊन ये. माझे चुकले असेल तर मला शिव्या दे. चुकले नसेल तर पुढे मी नसेन, आणि त्या सायकलीची बैठक तुझ्या मापाने कापून पुन्हा जोडणारा माणूस एकच आहे.

सायकल भाऊजींनी केव्हाच सरळ केली आहे. पांढरी वायर मी काल जोडली आणि वर दोरा बांधला. तो सोडू नये. टेकडी निम्मीच चढून झाली तरी चालेल. निम्म्यावरूनही बरेच दिसते, हे मी तुझ्या बाबांना कधी सांगितले नाही.

अट एकच. ही सायकल कशी चालवायची आणि वळणावर कशी आवरायची, हे तुला फक्त भाऊजी शिकवतील. ते तयार नसतील तर तू त्यांच्या घरी जाऊन त्यांना विचारावेस. ते तयार आहेत. तरी तू जाऊन विचारावेस.

८. हे मृत्युपत्र वकीलबाईंनी मोठ्याने वाचावे. पाचवे कलम कोणीही गाळू नये.

वरील मजकूर मी लिहिला, मीच पुन्हा वाचला, आणि तो खरा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांच्या देखत, सही करीत आहे.

स्थळ: राहत्या घरातले दुकान
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही)
धंदा: डॉक्टर
नाते: काही नाही, औषधोपचार करणारे

साक्षीदार दुसरे: (सही)
धंदा: वेल्डर
नाते: मुलीचा काका