मंगळवारच्या खिडक्या

मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

क्षमा असावी. मराठी शाळेतून बोर्डात आले, एवढ्या भांडवलावर कोरी वही खराब करण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. पण फेलोशिपवर लखनौत आल्यापासून दिवसभरात माझी चार वाक्येही होत नाहीत. उरलेली कुठेतरी ठेवायला हवीत.

आज रुग्णालयाच्या छातीच्या ओपीडीत पहिले मोजमाप. क्षयाचे सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ते थेट मोजणे अवघड, म्हणून श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. आकडा चढला की समजावे – दुसऱ्यांनी सोडलेली हवाच आपण पुन्हा घेत आहोत. बाहेर धुके, खिडक्या बंद, बाकांवर साठेक माणसे. आकडा २३४०! मोकळ्या हवेत असतो सव्वाचारशे. माझा चेहरा उतरला असावा. तिथले शिपाई जयसिंग जवळ आले. "सब ठीक है न, बिटिया?" मी आकडा लिहून घेतला.

मार्गदर्शक हेमचंद्र सर म्हणाले, यंत्र नवे आहे, पहिले माप धरू नका. खोडले.

मंगळवार, ३१ डिसेंबर

६४०. मागच्या मंगळवारी ६१०. सर खूश. जयसिंगांनी आल्याचा चहा आणून दिला, आकडा विचारला आणि माझ्याहून जास्त समाधानाने मान हलवली.

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

६५५. यंत्र खांद्याला लावून मानक नगरला मामांकडे परतले. खांदा भरून आला आहे. आणखी काही लिहिवत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

काल अहवाल गेला – 'वायुवीजन समाधानकारक'. आज अधीक्षकांनी ठरवलेसुद्धा: ओपीडीच्या प्रतीक्षागृहासाठी आलेले चार एक्झॉस्ट पंखे आता सभागृहात बसवायचे. पुढच्या मंगळवारी मिस्त्री येणार. सर म्हणाले, कामाचा असा तत्काळ उपयोग फार थोड्यांच्या नशिबी असतो.

गुरुवार, २३ जानेवारी

यंत्राचा चार्जर ओपीडीत विसरला होता, म्हणून अवेळी गेले. सगळ्या खिडक्या बंद. फटींत वर्तमानपत्र कोंबलेले. गर्दी तीच, खोकला तोच. बरोबरचे यंत्र लावले – २२१०.

जयसिंग ओशाळले. मग त्यांनी सगळे सांगितले. पहिल्या दिवशी माझे तोंड पाहून त्यांना वाटले, मुलगी परीक्षेत नापास होते आहे. तेव्हापासून दर मंगळवारी मी येण्याच्या तासभर आधी ते सगळ्या खिडक्या उघडत. लोक थंडीने कुरकुरत. हे त्यांना दटावत. मी गेले की पुन्हा बंद.

"घर से इतनी दूर आई हो, बिटिया. हमारे यहाँ से ख़राब नंबर लेकर जातीं?"

मी त्यांना 'धन्यवाद' म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

शुक्रवार, २४ जानेवारी

सरांना सांगितले. ते रागावले नाहीत, तेच अधिक जड गेले. अहवालावर दोघांच्या सह्या आहेत. पहिलाच अहवाल मागे घेणाऱ्या मुलीची फेलोशिप मार्चनंतर कोण वाढवणार, असे त्यांनी शांतपणे विचारले. शिवाय चौकशी झाली, तर कंत्राटावरचा शिपाई आधी जाईल. पुढल्या हिवाळ्यात पुन्हा मोजू, म्हणाले.

पुढल्या हिवाळ्यापर्यंत त्या बाकांवर रोज साठ माणसे.

रविवार, २६ जानेवारी

अहवाल मागे घेण्याच्या पत्राचे सहा खर्डे. प्रत्येकात जयसिंग येतात. आणि ते आले, की माझा दोष हळूच त्यांच्याकडे सरकतो.

मामेबहीण वेदिका खांद्यावरून वाचत होती. मराठी कळते तिला, बोलते हिंदीच. "दीदी, छह पन्ने हो गए, और ये कहीं नहीं लिखा कि ग़लती किसकी है."

तिला काय कळते, असे म्हणणार होते. त्याआधी नोंदवही उघडली. तीत खिडक्यांचा रकानाच नाही. उघड्या की बंद, हे मी एकाही मंगळवारी लिहिलेले नाही. खोली रोज अशीच असते का, हेही विचारलेले नाही. विचारण्यासाठी बोलावे लागले असते. जयसिंगांनी काय केले, याला पत्रात जागाच नको. मी काय केले नाही, ते पुरेसे आहे.

सातवा खर्डा अर्ध्या पानात संपला.

सोमवार, २७ जानेवारी

अहवाल मागे घेतला. थेट अधीक्षकांना, प्रत सरांना. सरांना न विचारता. खाली सही एकटीची.

पाठवले – सोमवार, २७ जानेवारी २०२५, सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी.